फी माफ झाली तरी पैसे कुठे अडतात

प्रश्न असा होता: "सर, मी बीड जिल्ह्यातली. अण्णांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, हंगामात आई-अण्णा ऊसतोडीला जातात. उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा आहे. मी ओबीसी, बारावी लातूरहून केली. जेईई मेनच्या रँकवर तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत इलेक्ट्रॉनिक्स मिळेल असं दिसतंय. नववीपासून माझ्या मनात तेच कॉलेज आहे. चुलते म्हणतात, एवढ्या लांब कशाला, संभाजीनगरला मुलींना फी माफ आहे. अण्णा काहीच बोलत नाहीत. आम्हाला परवडेल का?"

परवडेल. पण तू विचारतेस त्या अर्थाने नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतोय आणि त्यातली बरीच वर्षं मुलांचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यात गेली आहेत. २०११ साली माझा एक विद्यार्थी परराज्यातल्या एका नावाजलेल्या सरकारी संस्थेत गेला. गावाने पेढे वाटले. नोव्हेंबरात पोरगा ट्रंक घेऊन परत आला. मेसचं बिल थकलं होतं, थकबाकी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही असं तिथल्या कार्यालयाने सांगितलं, आणि घरी फोन करून पैसे मागायची त्याला लाज वाटली. त्याची शिष्यवृत्ती मंजूर झालेली होती. पैसे मार्चमध्ये खात्यात आले. बिल सप्टेंबरचं होतं. मी त्याला एकूण खर्चाचा हिशोब शिकवला होता, तारखांचा हिशोब शिकवला नव्हता. तेव्हापासून कोणीही "परवडेल का" असं विचारलं की मी आधी कॅलेंडर काढतो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला सीट मिळाली होती. सीट राखायला १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी ते गोळा करेपर्यंत मुदत संपली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली आदेश देऊन त्याला प्रवेश मिळवून दिला. चार वर्षांच्या शिक्षणाचा प्रश्न साडेसतरा हजारांवर आणि एका संध्याकाळवर येऊन थांबला होता. प्रत्येक मुलाला सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही.

आता तुझी गोष्ट. पहिली चांगली बातमी ही की, एनआयटीची फी तू कोणत्या राज्यातून आलीस यावर ठरत नाही. परराज्याचा फटका तिथे फीमध्ये बसत नाही, सीटमध्ये बसतो: निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी आणि निम्म्या बाकीच्या देशासाठी असतात. तू बारावी लातूरहून दिलीस म्हणून तुझं गृहराज्य महाराष्ट्र; नागपूरच्या एनआयटीत तू घरची आणि तिरुचिरापल्लीत बाहेरची. (कोटाला शिकायला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी देणाऱ्या मुलांचं गृहराज्य राजस्थान होतं, हे पुष्कळ पालकांना निकालानंतर कळतं.) बाहेरच्यांच्या रांगेतूनही तुला सीट दिसतेय, म्हणजे अवघड भाग तू पार केलास.

दुसरी बातमी: एनआयटीची ट्यूशन फी २०१६ पासून वर्षाला सव्वा लाख आहे. कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता पूर्ण माफ. आयआयटीतही हेच, फक्त तिथे मूळ आकडा दोन लाखांचा. तुझा दाखला ९६ हजारांचा, म्हणजे ट्यूशन फी शून्य.

मग चुलते म्हणतात ती फीमाफी आणि ही फीमाफी सारखीच की! इथेच घोटाळा होतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्याशिवाय वसतिगृह मिळालं नाही तर ओबीसी मुलांना राहण्या-जेवण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पण हे सगळं महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकलीस तर. राज्याची हद्द ओलांडलीस की या सवलती मागे राहतात. चुलत्यांचं म्हणणं चूक नाही, त्यांना दुखवू नकोस. संभाजीनगरला तुझा खर्च खरोखरच कमी होईल.

तिरुचिरापल्लीला ट्यूशन फी सोडून होस्टेल, मेस, संस्थेचे इतर आकार, पुस्तकं, दोन वेळा घरी येणं-जाणं असं सगळं उरतं. त्या वर्षीचा फीचा तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर असतो, तो ओळीनओळ वाच. मी माझ्या मुलांना पहिल्या अंदाजासाठी वर्षाला एक लाख धरायला सांगतो. थोडं जास्त धरलेलं बरं. म्हणजे चार वर्षांचे चार लाख. तुझ्या घरासाठी हा डोंगर आहे, पण तो एकदम चढायचा नाही.

यातला एक मोठा तुकडा उचलणारी योजना फार कमी मुलांना माहीत आहे. केंद्राच्या पीएम यशस्वी योजनेत ओबीसी, आर्थिक मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी 'टॉप क्लास कॉलेज' हा भाग आहे. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. यादीतल्या संस्थेत शिकत असशील तर फीशिवाय राहण्याखाण्याला महिना ३,००० रुपये, पुस्तकांना वर्षाला ५,००० आणि कॉम्प्युटरसाठी एकदाच ४५,००० मिळतात. म्हणजे वर्षाचे ४१ हजार, आणि लॅपटॉपचा प्रश्न सुटला. अनुसूचित जातीच्या मुलांना अशाच योजनेत पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार मिळतात, तिथे उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे. मात्र प्रत्येक संस्थेला जागा मोजून दिलेल्या असतात आणि त्या गुणवत्तेने भरतात. त्यामुळे अर्ज नक्की कर, पण मिळालीच असं धरून चालू नकोस.

ती नाही मिळाली तर केंद्राची दुसरी शिष्यवृत्ती आहे. बारावी बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं १२ हजार, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षी २० हजार. निम्म्या जागा मुलींसाठी. रक्कम लहान वाटेल, पण घरी येण्याजाण्याची सगळी तिकिटं त्यात बसतात. दोन्ही अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच होतात आणि दोन्हींचे पैसे एकदम मिळत नाहीत, एकच निवडावी लागते.

उरलेल्यासाठी कर्ज. कर्ज म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांसमोर सावकार आणि मुकादम येणार, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखव. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. देशातल्या निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलांना त्यात तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. केंद्र सरकारच्या संस्था त्या यादीत आहेत. साडेचार लाखांच्या आतल्या घरातलं मूल तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला असेल तर शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. समज, तू चार लाख घेतलेस. नोकरीच्या पहिल्या वर्षानंतरही मुद्दल चारच लाख असेल. नऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ५,०७० रुपयांचा हप्ता. तिरुचिरापल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला हा हप्ता जड जाऊ नये. एक सूचना मात्र आहे: सरकारी शिष्यवृत्ती आणि सरकारी व्याजसवलत एकत्र घ्यायला या योजनांत सहसा मज्जाव असतो. कुठली घ्यायची ते सही करण्याआधी बँकेत विचारून, मांडून ठरव. यशस्वीचे ४१ हजार मिळत असतील तर कर्ज निम्म्याने कमी होतं. तेव्हा शिष्यवृत्तीच घे.

बँकेत तुला दोन ठिकाणी अडवतील. एक, "तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही." या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या, एवढं शांतपणे म्हण. दोन, अण्णांचं पीककर्ज. ते थकलेलं असेल तर सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव आल्यावर अर्ज अडकू शकतो. म्हणून आईला सहकर्जदार करता येईल का हे पहिल्याच भेटीत विचार. आमच्याकडे तीन मुलींची कामं आईच्या नावाने झाली आहेत.

आता कॅलेंडर. जूनअखेर किंवा जुलैत जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत सीट लागली की मोजक्या दिवसांत ऑनलाइन पैसे भरून ती स्वीकारावी लागते. मग प्रवेशाच्या फीचा पुढचा भाग, ऑगस्टच्या सुमारास रिपोर्टिंग, होस्टेलचे आणि मेसचे आगाऊ पैसे, प्रवास, गादी-बादली. शिष्यवृत्ती मात्र बहुतेकदा वर्ष सरताना येते, कधी पुढच्या वर्षात. बँकेचा पहिला हप्ता सगळं सुरळीत गेलं तर काही आठवड्यांत, नाहीतर दोन महिन्यांनी. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने रोख पैसा हातात लागतो. साठ-सत्तर हजार. तुझं कॉलेज परवडतं की नाही हे या साठ-सत्तर हजारांवर ठरणार आहे, चार लाखांवर नाही.

आणि नेमक्या याच महिन्यांत मुकादम उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, वाटत फिरत असतो. मला भीती त्याची वाटते. अण्णा गप्प आहेत याचा अर्थ ते नाही म्हणताहेत असा घेऊ नकोस. मी अशी गप्प बसलेली माणसं पाहिली आहेत, ती मनात उचलीचा आकडा जुळवत असतात. तुझ्यासाठी उचल वाढवून घेतली तर ती एका हंगामात फिटणार नाही, आई-अण्णांचा कोयता पुढच्या वर्षासाठीही बांधला जाईल, आणि तुझं मन अभ्यासात लागणार नाही. त्यांना आजच स्पष्ट सांग: माझ्यासाठी उचल घ्यायची नाही, बैल किंवा शेत विकायचं नाही, घरोघर फिरणाऱ्या फायनान्सवाल्यांच्या कागदावर आईने अंगठा द्यायचा नाही.

मग पैसे कुठून? सीट लागल्याचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी कर्जाचा अर्ज कर, प्रवेश पक्का होण्याची वाट बघू नकोस. आई बचत गटात असेल तर तिथलं कर्ज या चार महिन्यांपुरतं चांगलं. व्याजही आपल्याच बायकांच्या गटात राहतं. संस्थेच्या डीन ऑफिसला आधीच ईमेल कर: माझी ट्यूशन फी माफ आहे, कर्ज प्रक्रियेत आहे, मेसचे पैसे हप्त्याने भरता येतील का? बहुतेक मुलं हे विचारतच नाहीत. विचारलेल्यांना सवलत मिळाल्याचं मी पाहिलंय, आणि लेखी विचारलेलं असलं की नंतर परीक्षेच्या वेळी कोणी एकदम अडवत नाही. माजी विद्यार्थ्यांचे निधीही अशा संस्थांत असतात, त्याच पत्रात त्यांची चौकशी कर.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण चांगल्या चांगल्या मुलांची सीट इथे धोक्यात येते. महाराष्ट्राच्या प्रवेशासाठी काढलेलं ओबीसीचं नॉन-क्रीमिलेअर जोसाला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, यंदाच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. तुझी जात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे ना, हे आधी तपास. काही जाती एकाच यादीत आहेत. (मराठा मुलांनाही हे सांगायचं असतं: एसईबीसी केंद्राच्या प्रवेशाला चालत नाही, तिथे ईडब्ल्यूएसच्या निकषांत बसत असाल तर त्याचा वेगळा दाखला काढावा लागतो, आणि त्यात जमिनीची पाच एकरांची अट आहे.) उत्पन्नाचा दाखला मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घे, तामिळनाडूतल्या कारकुनाला आपला मराठी दाखला वाचता येणार नाही. तो दाखला दरवर्षी नवा लागेल, फीमाफी आपोआप पुढे चालू राहत नाही. आणि सगळीकडे एकच खरा आकडा जाऊ दे. सेतू केंद्रावर कुणी "कमी करून देतो" म्हणालं तर नको म्हण. बँक, संस्था आणि पोर्टल या तिन्ही ठिकाणी आकडे वेगळे दिसले की तिन्ही अर्ज अडकतात.

बँक खातं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. शाळेत असताना काढलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. असं खातं असेल तर आताच केवायसी करून साधं बचत खातं करून घे आणि आधार त्यालाच जोडलंय ना, हे बँकेत विचारून घे. मंजूर झालेली शिष्यवृत्ती परत गेल्याची जेवढी प्रकरणं मी पाहिली, त्यातली निम्मी-अधिक या एका कारणाने.

रेल्वेत विद्यार्थ्यांची सवलत अजून चालू आहे. कॉलेजातून घरी जाताना-येताना स्लीपरला सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ७५ टक्के. कॉलेजचा फॉर्म लागतो. पहिला प्रवास तेवढा पूर्ण भाड्याचा होईल.

आता माझं मत. सीट खरंच इलेक्ट्रॉनिक्सची लागली तर जा. पण फेऱ्यांत रँक घसरून तिथे अशी शाखा मिळू लागली की जिच्यात तुझं मन नाही, आणि सीईटीवरून पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला मनासारखी शाखा मिळत असेल, तर मी तुला इथेच थांब म्हणेन. तेव्हा ती तडजोड ठरणार नाही. ती दोन्ही कॉलेजं देशातल्या कुठल्याही कॉलेजशेजारी उभी राहतात, आणि तुझ्यासाठी जवळजवळ फुकट आहेत. म्हणून महाराष्ट्राचा अर्ज मागे घेऊ नकोस, आणि मूळ कागद एकाच ठिकाणी अडकतील असं काही करू नकोस. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांचे साक्षांकित पाच संच तयार ठेव.

एक प्रकार मात्र पूर्ण टाळ. तुझी रँक बघून परराज्यांतल्या खासगी विद्यापीठांचे फोन येतील: पन्नास टक्के स्कॉलरशिप, आजच वीस हजार भरा. त्या सवलतीखाली बारीक अक्षरात अट असते की दरवर्षी अमुक सीजीपीए राहिलाच पाहिजे. पहिल्या सत्रात गावाकडून आलेली बहुतेक मुलं थोडी मागे पडतात, इंग्रजीमुळे, जेवणामुळे, घरच्या आठवणीने. ती पुढे सावरतात, पण तोवर सवलत गेलेली असते आणि पूर्ण फी अंगावर पडते. खासगी विद्यापीठांतही सगळी अशी नाहीत. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा सोनीपतचं अशोका विद्यापीठ घरची परिस्थिती बघून शंभर टक्क्यांपर्यंत मदत देतात, आणि कला किंवा विज्ञान शिकू पाहणाऱ्या गरीब घरच्या मुलांना मी ती नावं मनापासून सांगतो. फरक एवढाच विचारायचा: ही मदत गरजेवर आहे की गुणांवर?

तिथे गेल्यावर पहिले तीन महिने शिकवण्या किंवा नोकरी धरू नकोस. दुसऱ्या सत्रापासून ऑनलाइन गणिताच्या शिकवण्या घेता येतील. भात रोज खावा लागेल. भाकरीची आठवण येईल तेव्हा आईला फोन कर, पण पैसे संपलेत हेही त्याच फोनवर सांग. माझ्या त्या विद्यार्थ्याने ते सांगितलं असतं तर आम्ही चार शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले असते. आता तो तालुक्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, हुशारीने चालवतो, आणि त्याच्या दुकानावरून जाताना मला अजून मान वर करवत नाही.

तो परतल्यानंतर आम्ही चौदा शिक्षकांनी मिळून एक फिरता निधी सुरू केला. व्याज नाही, कागद नाही. शिष्यवृत्ती किंवा कर्ज आलं की परत करायचं, म्हणजे पुढच्या मुलाला मिळतं. जुलै ते ऑक्टोबर एवढ्याच काळासाठी तो असतो. आजवर एकानेही बुडवलेला नाही. उद्या तहसीलमध्ये केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्याचा अर्ज टाक, अण्णांना सोबत ने, आणि येताना त्यांच्यासमोर बसून एका कागदावर जूनपासून मार्चपर्यंतचे महिने आणि प्रत्येक महिन्यात लागणारा पैसा लिहून काढ. त्यात जिथे खड्डा दिसेल तो आकडा मला कळव. यंदाच्या निधीत दोन मुलांपुरते पैसे आहेत, त्यातलं एक नाव मी तुझं धरून ठेवतो.